फायनलच्या दिवशी हजर झालेला ड्रायव्हर

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला, पेठांच्या गल्ल्यांतून पताका लागल्या, की ते प्रकरण मनात आल्याशिवाय राहत नाही. निवृत्त होऊन आता बराच काळ लोटला. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा तर मंदिराच्या कळसाची चोरीही पाहिली. पण नातेवाईक मंडळी "एखादी केस सांगा की" म्हणून मागे लागतात तेव्हा मी एका अपघाताचीच सांगतो. कागदावर अगदी साधा अपघात. नावे मात्र कुणाचीच सांगणार नाही. काही माणसे अजून आहेत, काही गेली, आणि जी गेली त्यांची मुले रस्त्यात भेटली की नमस्कार करतात.

मी मूळचा धुळ्याकडचा. बदली होऊन कोल्हापुरात आलो तेव्हा फुटबॉल म्हणजे कॉन्व्हेंटच्या मुलांचा खेळ, अशी माझी समजूत होती. पहिल्याच महिन्यात एक धिप्पाड शिपाई समोर येऊन उभा राहिला. "साहेब, उद्या रजा पायजे." कशाला, म्हटले. "सेमीफायनल हाय." आजी वारली, आजोबा वारले, अशा रजा मी पुष्कळ मंजूर केल्या होत्या. काहींच्या आजी तर दोन-दोनदा वारल्या होत्या. पण सेमीफायनलचे कारण इतक्या सरळपणे सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मी रजा दिली. नंतर कळले की त्या दिवशी अर्ध्या ठाण्याला रजा हवी होती आणि उरलेल्या अर्ध्याला मैदानावरचा बंदोबस्त हवा होता.

त्या वेळी मी सहायक निरीक्षक होतो. शहराच्या कडेचे एक ठाणे माझ्याकडे होते. नव्वदचे दशक सरत आले होते. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कारखाने उभे राहू लागले होते आणि त्या रस्त्यावरची रहदारी बघता बघता वाढली होती. ठाणे तसे लहानसेच. कौलारू छप्पर, समोर कडुनिंब, व्हरांड्यात एक लांब बाकडे. त्या बाकड्यावर फिर्यादी, आरोपी, जामीनदार आणि उगीच गप्पा मारायला आलेले सगळे शेजारी शेजारी बसत. वायरलेस सेट दिवसभर खरखरत असायचा. समोरच्या टपरीवरून चहा यायचा. आमचे ठाणे अंमलदार चहाला नाही म्हणताना मी कधी पाहिले नाहीत. आजही कुठे वायरलेसची ती खरखर कानावर आली, की मी क्षणभर थांबतो.

आता त्या काळची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचे कळणार नाही. मोठ्या माणसाच्या गाडीचा अपघात झाला, की थोड्याच वेळात ठाण्यात एक ड्रायव्हर हजर व्हायचा. परवाना वरच्या खिशात, मागे जामीनदार, जबाब तोंडपाठ. "मी गाडी चालवत होतो, समोरचा अचानक आडवा आला." झाले. आरोपी मिळाला, गाडी मिळाली, गुन्हा जामीनपात्र. तपास अधिकारी मोकळा, साहेब मोकळे, आणि ड्रायव्हरच्या घरची काळजी साहेब घेणार. सगळ्यांची सोय. फक्त जो मेला त्याची सोय कुणी बघायचे नाही.

त्या दिवशी फायनल होती. मंगळवार पेठेतला एक संघ आणि शिवाजी पेठेतला एक संघ. हे दोन संघ समोरासमोर आले की दुपारपासून बाजारातली दुकाने ओस पडायची. माझे निम्मे लोक मैदानावर बंदोबस्ताला गेले होते. त्यांच्यात आमचे एक हवालदार होते, मिशीवाले, शिवाजी पेठेचे. ड्युटीवर निघताना ते देवाला हात जोडून गेले. बंदोबस्त शांततेत पार पडावा म्हणून जोडले असावेत, असे मी समजलो.

सामना सुरू असतानाच फोन आला. उचगाव फाट्याच्या अलीकडे मोटारीने सायकलवाल्याला उडवले होते. मी दोन शिपाई घेऊन निघालो. ऊन अजून उतरले नव्हते. रस्त्याच्या कडेला एक पांढरी मोटार तिरकी उभी होती, पुढचा एक दिवा फुटलेला, काचेला तडा. थोड्या अंतरावर सायकल पडलेली, पुढचे चाक दुमडून गेलेले. माणसाला एका टेम्पोतून सरकारी दवाखान्यात नेले होते. मोटारीच्या टपावर लाल दिवा होता आणि त्यावर काळ्या कापडाचे आवरण घातलेले होते.

त्या आवरणाचा अर्थ पोलिसाला लगेच कळतो. पदाधिकारी गाडीत नसतील तेव्हा दिवा झाकून ठेवायचा, असा नियम. म्हणजे साहेब गाडीत नव्हते. कुठले साहेब, ते सांगत नाही. जिल्ह्यातले एक मोठे पद त्यांच्याकडे होते आणि त्यांच्या एका शब्दावर बदल्या होत, एवढेच पुरे.

त्यांचे स्वीय सहायक तिथे आधीच येऊन पोहोचले होते. कडक इस्त्री, तोंडात वेलदोडा, बोलणे साखरेत घोळवलेले. "फार वाईट झालं हो. साहेब घरीच होते. ड्रायव्हर गाडी सर्व्हिसिंगला घेऊन निघाला होता. घाबरून कुठेतरी गेलाय, आम्ही त्याला आणून हजर करतो. तुम्ही बघताच आहात, दिवा झाकलेला आहे. पंचनाम्यात येईलच ते."

पंचनाम्यात ते आलेच. जे दिसते ते लिहायचे असते.

घटनास्थळाला लागूनच एक रसवंती होती. मालक पन्नाशीचा, डोक्याला मुंडासे. मी त्याला विचारले, काय पाहिले. "काय न्हाई बगितलं, पावणं. चरकाच्या घुंगरात काय ऐकू येतंय? मी आपला ऊस घालत हुतो." मोठ्या माणसाच्या गाडीपुढे सगळे रस्ते असेच आंधळे होतात, याची सवय होती. मी वळलो. तो ग्लास विसळत विसळत, माझ्याकडे न बघता, हळूच म्हणाला, "तेवढं दिव्याचं टोपडं मागनं घातलंय, साहेब."

मी थांबलो. "कुणी?"

"मी काय बगितलं न्हाई म्हणलं की." आणि त्याने चरक पुन्हा सुरू केला.

लहान मुलाला टोपडे घालावे तसे अपघातानंतर कुणीतरी त्या दिव्याला टोपडे घातले होते. म्हणजे धडक बसली तेव्हा दिवा उघडा होता. म्हणजे साहेब गाडीत होते. पण एवढ्यावर काहीच सिद्ध होत नव्हते, आणि सांगणाऱ्याने ते सांगितलेच नव्हते. साहेब गाडीत असले तरी गाडी ड्रायव्हरच चालवत असणार, असेच कुणीही म्हणाले असते.

ठाण्यात परतलो तोवर दवाखान्यातून निरोप आला होता. माणूस दवाखान्यात पोहोचायच्या आधीच गेला. तो उचगावचाच. एमआयडीसीत पहिल्या पाळीला कामाला होता. कंपनीची बस त्याला फाट्यावर सोडायची, सायकल तो रोज त्या रसवंतीवर लावून जायचा, आणि तिथून घरी. सायकलवरून घर दहा मिनिटांच्या अंतरावर होते.

दिवस मावळता मावळता स्वीय सहायक ड्रायव्हरला घेऊन आले. तिशीचा, काटक, मंगळवार पेठेतला. अंगातला शर्ट नवा, त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. मी विचारायच्या आधीच त्याने सुरुवात केली. गाडी सर्व्हिसिंगला नेत होतो, सायकलवाला अचानक आडवा आला, ब्रेक मारला पण गाडी थांबली नाही, भीतीने पळून गेलो. आवाज पार बसलेला होता, शब्द घोगरे, मध्येच फुटत होते. माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, घाबरला असेल, असे मला वाटले. मी त्याला व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसवले. जामीनदार सकाळी येणार होता.

तेवढ्यात ती बाई आली. मेलेल्या माणसाची बायको. गावात अंगणवाडी चालवायची. बरोबर दीर होता. तो ओरडत होता, रडत होता, कुणाला तरी मारायला बघत होता. ती मात्र गप्प होती. साडीचा पदर खांद्यावर घट्ट धरलेला. मी खुर्ची दिली, ती बसली नाही.

"साहेब, गाडी कोण चालवत हुतं?"

मी बाकड्याकडे बोट दाखवले. दुसरे काय करणार? त्या घडीला माझ्या कागदावर तोच होता. दीर पुढे धावला, शिपायाने त्याला धरले. ती चालत जाऊन ड्रायव्हरसमोर उभी राहिली. ती हात उचलणार, शिव्या देणार, अशा तयारीने मी पुढे झालो. ती त्याच्याकडे नीट बघून म्हणाली,

"काय बोलले का ओ ते?"

ड्रायव्हरला कळले नाही.

"माझं मालक. पडल्यावर काय बोलले का? दवाखान्यात म्हणाले, टेम्पोत घातलं तवा शुद्ध नव्हती. त्याच्या आधी तुमीच हुतासा न्हवं जवळ? काय मागितलं का? पाणीबिणी? कुणाचं नाव घेतलं का?"

पढवलेल्या जबाबात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. ड्रायव्हरने ओठ हलवले आणि दाराशी उभ्या असलेल्या स्वीय सहायकांकडे बघितले. ते चटकन पुढे आले. "बाई, ते जागेवरच गेले हो. काय बोलणार?"

"जागेवर न्हाईत गेले," ती म्हणाली. "श्वास चालू हुता म्हणून तर टेम्पोत घातलं." आणि पुन्हा ड्रायव्हरला, "सांगा की. मी काय तुमाला करत न्हाई. एवढंच सांगा."

तो मान खाली घालून बसून राहिला.  मग ती व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसली. फिर्याद दीर देत होता, त्याचा जबाब लिहून होईपर्यंत ती तिथेच थांबणार होती.  इतकी वर्षे मेलेल्यांचे नातेवाईक पाहिले होते. कुणी शिक्षा मागायचे, कुणी भरपाई, कुणी नुसताच टाहो फोडायचे. हिला एका वाक्याची माहिती हवी होती, आणि ती माहिती जगात एकाच माणसाकडे असणार होती. समोर बसलेला तो माणूस नव्हता, याची मला खात्री होत चालली होती. पण खात्री कोर्टात चालत नाही.

वरिष्ठांचा फोन आला. "ड्रायव्हर हजर झालाय ना? मग काय राहिलंय?" मी टोपड्याचे सांगितले.  मग ते म्हणाले, "टोपड्यावर आरोपपत्र होत नाही. काही पक्कं असेल तर पुढे जा, मी बघतो वरचं. नसेल तर उद्या जामीन दे आणि मोकळा हो." सरळ माणूस होता. त्यांनी त्यापुढे कधी हात आखडता घेतला नाही, हे इथे लिहून ठेवतो.

मी खुर्चीत डोके धरून बसलो असताना मैदानावरचा बंदोबस्त परतला. गाडीतून उतरतानाच भांडण ऐकू येत होते. आमचे मिशीवाले हवालदार टोपी काखेत मारून व्हरांड्यात आले. चेहरा सुतकी. शिवाजी पेठ एका गोलने हरली होती, आणि तोही शेवटी शेवटी.

"सरळ सरळ ऑफसाइड!" ते ठाणे अंमलदारांना सांगू लागले. "शेंबड्या पोराला कळंल असा ऑफसाइड. पंचाला काय दिसत न्हवतं काय? दिला गोल! ह्या मंगळवारवाल्यांनी पंचच फोडला असणार."

"कसला ऑफसाइड?"

आवाज बाकड्यावरून आला. घोगरा, पण आता त्यात भीती नव्हती. ड्रायव्हर उठून उभा राहिला होता.

"कसला ऑफसाइड ओ, हवालदार? तुमचा बॅक गोलाच्या खांबापाशी गुडघा टेकून बुटाची नाडी बांधत बसलाता की! त्यो लाइनीवर, गोलकीपर लाइनीवर, मग ऑफसाइड कसा हुईल? आमचा पोरगा त्याच्या म्होरं नव्हताच. तुमाला मिशा हायत, डोळं न्हाईत काय?"

"तुला कुणी सांगिटलं रं नाडीचं?"

"सांगायला कशाला पायजे? मी गोलाच्या मागंच हुतो की!"

हवालदार त्याच्याकडे डोळे बारीक करून बघू लागले. आणि मग त्यांचा आवाज एकदम चढला. "आरं, तूच त्यो! जाळीला लोंबकळत हुतास! तुलाच दोनदा मागं हाकलला मी! काठी उगारली तरी हलंना गडी!"

"मग! हलतोय व्हय फायनलला!"

एक शिपाई हसला. दुसरा हसायला लागला आणि मध्येच थांबला. हळूहळू सगळ्यांच्या लक्षात येत गेले की काय बोलले गेले आहे. सर्वांत शेवटी ते ड्रायव्हरच्या लक्षात आले. तो परत बाकड्यावर बसला आणि त्याने दाराकडे बघितले. स्वीय सहायक त्या वेळी बाहेर टपरीवर फोन करायला गेले होते, हे माझे नशीब.

सामना कुठे दाखवत नव्हते तेव्हा. पेपर सकाळी येणार. नाडी बांधणारा बॅक गोलामागच्या माणसाशिवाय कुणाला दिसला नसता. आणि त्याला तिथून दोनदा हाकलणारा माझाच हवालदार होता. गुन्हा न केल्याचा एवढा भक्कम पुरावा मी सबंध नोकरीत दुसरा पाहिला नाही. आवाज का बसला होता, तेही आता कळले. भीतीने नाही, ओरडून ओरडून बसला होता.

मी त्याला आत नेले, दार लोटले, चहा मागवला. तो सुरुवातीला म्हणत राहिला, "ऐकलेलं साहेब, कुणीतरी सांगिटलेलं." मी रागावलो नाही. चौकशीत ओरडून काम होते असे ज्यांना वाटते, ते सिनेमा जास्त बघतात. मी विचारले, "गोल कुणी मारला?" त्याने सांगितले. "कुठल्या पायाने?" तेही सांगितले, आणि कसा वळवला ते हाताने करून दाखवले. मग स्वतःच्याच हाताकडे बघत राहिला.

"त्या बाईनं तुला काय विचारलं?" मी म्हणालो.

त्याचे डोळे भरले. "मला कार्यकर्ते म्हणाले, साहेब, जरा धक्का लागलाय एकाला. पायबीय मोडला असंल. मरून गेलाय हे मला हितं आल्यावर कळलं." मग सगळे बाहेर आले. साहेबांना स्वतः गाडी चालवायची भारी हौस. आज फायनल म्हणून याने रजा मागितली होती आणि साहेब हसून म्हणाले होते, जा बाबा, तुझी पेठ जिंकून ये, गाडी मी नेतो. सामना संपल्यावर गर्दीतून कार्यकर्त्यांच्या जीपने याला उचलला, गुलालाने माखलेला शर्ट बदलायला लावला, आणि वाटेत जबाब पाठ करून घेतला.

"त्यांनी माझ्या भणीच्या लग्नात उभं राहून समदं केलंय, साहेब. माझ्या बाला दवाखान्यात त्यांनीच घातलाता. न्हाई कसं म्हणू?"

हेच खरे त्या माणसाचे दुखणे होते, आणि मला ते कळत होते. साहेब राक्षस नव्हते. तळागाळातून वर आलेले, दारात आलेल्याला रिकामे न पाठवणारे. अशा माणसाचे उपकार फेडताना माणूस तुरुंगही स्वीकारतो. मी त्याला कायदा समजावला नाही. दार थोडे उघडले. पायरीवर ती बाई बसलेली दिसत होती, पाठमोरी. "उपकार साहेबांचे आहेत ना? मग ते साहेबांना फेड. तिनं तुझं काय घेतलंय?"

त्याने त्या पाठीकडे बघितले, चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "लिहा, साहेब."

दुसऱ्या दिवशी दंडाधिकाऱ्यांसमोर त्याचा जबाब नोंदवून घेतला, म्हणजे नंतर कुणाला तो सहज फिरवता येणार नाही. ड्रायव्हरने खरे सांगितल्याचे कळताच रसवंतीवालाही आपल्या पायाने ठाण्यात आला. सोबत रसाची कॅन. "आता बगितलंय, साहेब," म्हणाला. उजव्या बाजूने, स्टेअरिंगमागून, पांढऱ्या कपड्यांतला माणूस उतरला, पडलेल्याजवळ जाऊन वाकला, कान लावून काहीतरी ऐकले, आणि मागून आलेल्या जीपमध्ये बसून गेला. ते कोण, हे त्याने नावानिशी सांगितले. पोस्टरवर रोज बघत होता.

साहेबांच्या बंगल्यावर गेलो तेव्हा ते शांत होते. "माझा ड्रायव्हर कबूल झालाय ना?" मी म्हणालो, "तो गोलामागे होता, साहेब." त्यांनी डोळे मिटले.  अटक दाखवली, जामीन झाला. आरोपपत्र गेले आणि पाठोपाठ माझी बदलीही आली, नियंत्रण कक्षात. मला निरोप देताना हवालदार म्हणाले, "साहेब, काय का असंना, त्यो गोल ऑफसाइडच हुता." इतक्या वर्षांनंतरही ते मत बदललेले नाही. परवा बाजारात भेटले तेव्हाही त्यांनी तेच सांगितले.

जाण्यापूर्वी एकदा उचगावला गेलो होतो. बुद्धविहारात त्या माणसाच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम होता. साहेबांकडची काही माणसे भेटायला येऊन गेली होती, असे दीर म्हणाला. तिने त्यांना पाणी दिले आणि परत पाठवले. मला बघून ती एवढेच म्हणाली, "आता त्यांना इचारता येईल न्हवं?"

या प्रकरणाने मला एक सवय लावली, ती पुढे शेवटपर्यंत राहिली. कुठल्याही अपघातात ड्रायव्हर हजर झाला, की परवाना, वेग, ब्रेक हे सगळे मी नंतर विचारायचो. आधी विचारायचो, पडलेला माणूस काय बोलला? ज्याच्या हातून खरोखर घडलेले असते, त्याला तो आवाज झोपेतही सोडत नाही. तो अडखळतो, पण सांगतो. आणून बसवलेला माणूस मात्र दाराकडे बघतो. पोलीस प्रबोधिनीत नव्या फौजदारांसमोर बोलायला बोलावले तेव्हाही मी एवढेच सांगितले. त्यातल्या काहींनी ते वापरले असेल, अशी आशा आहे.

खटला रेंगाळला. माझी साक्ष लागली तेव्हा मी दुसऱ्या जिल्ह्यातून कोल्हापुरात आलो होतो. कोर्टाच्या व्हरांड्यात एका बाजूला साहेब, भोवती वकील आणि कार्यकर्ते, दुसऱ्या बाजूला ती. केस थोडे पांढरे झालेले, पदर तसाच घट्ट. शिपायाने बाहेर येऊन पुकारा केला. कोर्टाचा पुकारा असतो तसाच, नुसते नाव आणि बापाचे नाव. मागे साहेब नाही, पुढे माननीय नाही. कार्यकर्त्यांना ते नाव इतके उघडे ऐकायची सवय नव्हती, ते चुळबुळले. ती उठली आणि सरळ त्यांच्याकडे चालत गेली. एक तरुण आडवा आला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला बाजूला केले. अंगावर वर्दी होती, तो सरकला.

"काय बोलले का ओ ते?" तिने विचारले. त्याच आवाजात.

वकील घाईने म्हणाले, "साहेब, काही बोलू नका." साहेबांनी त्यांना हाताने थांबवले. 

"बोलले," ते म्हणाले. "म्हणाले, घरात एकदम सांगू नका. बायको लई घाबरती माझी."

खटल्याचा निकाल पुढे लागला. शिक्षा झाली, अपील झाले, अपील चालू असतानाच साहेब आजारी पडून गेले. ते व्हरांड्यातले बोलणे कोर्टाच्या कुठल्याही कागदावर नाही. ते ऐकलेले आम्ही चार-पाच जण होतो.

त्या दिवशी व्हरांड्यात तिने मान हलवली. डोळे पुसले नाहीत, ते वाहू दिले. मग त्या जिल्ह्याला हलवणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघत ती हळूच म्हणाली, "व्हय. लई घाबरायची मी तवा."